पाचवी नोंद

ता. ३ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र लिहायला पाच महिने लावले हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुला ओरडायला तेवढी जागा कमी. पहिल्या महिन्यात माझ्याकडे पत्ता नव्हता. दुसऱ्यात पत्ता होता, कागद नव्हता. तिसऱ्यात कागद आणला आणि त्यावर एका दाराचं माप लिहून ठेवलं. चौथ्यापासून काही सबबच नाही. रोज वाटायचं, सांगण्यासारखं काही झालं की लिहू. काही होईना.

आईला सांग, मी जेवतो. रंगाच्या गोदामात दीड महिना काढला, मग एका ट्रकवर माल चढवला-उतरवला, आणि आता काटे दुरुस्त करतो. घड्याळाचे नव्हेत, वजनाचे. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, पुढे काउंटर, मागे एक खिडकी, आणि ती कायम बंद, कारण वारा आला की बारीक काटे थरथरतात. बोलायचं तेही तोंड वळवून. छोट्या वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायची. बोटाच्या तेलकटपणाचंसुद्धा वजन होतं म्हणे. वापरून वापरून वजनं झिजतात, मग त्यांच्या पोटात खालून जे भोक असतं त्यात शिसं ओतून ती भरून काढायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गंमत वाटली. एवढं मख्ख लोखंड, आणि पोटात भोक.

मालकांना सगळे मिस्त्री म्हणतात. मी आलो तेव्हा पंधरा दिवस राहीन म्हणालो होतो, म्हणून ते मला पाहुणे म्हणतात. अजूनही. पाहुणे, शिसं वितळवा. पाहुणे, केर काढा. सहाला ते घरी जातात, मग मी आणि चाळीस काटे. झोपायला वर माळा आहे. रविवारी मी बसस्टँडवर जाऊन बसतो. कुठे जायचं नसतं, पण घ्यायला आलेलं माणूस दिसल्यावर उतरणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते बघायला बरं वाटतं. मागच्या रविवारी एका बाईंनी मला त्यांचा भाचा समजून लांबून हात केला. मीही केला. मग त्या जवळ आल्या आणि दोघांचीही पंचाईत झाली.

हे कुठून कुठे गेलं. मुद्दा असा की मिस्त्रींचा हात हल्ली कापतो. परवाना त्यांच्या नावावर आहे, तो पुढच्या वर्षअखेर संपतो. दुकान पुढे चालवशील का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात त्यांनी वजनमाप खात्याचा कागद पुढे सरकवला. परवान्याला दहावी पास लागतं. म्हणजे एवढ्या लांब पळून आलो आणि तीच बया इथेही दारात उभी. चारदा गणितात गेलेल्या माणसाला फॉर्म जुन्या शाळेतूनच भरावा लागतो, तीस नोव्हेंबरच्या आत. आणि शाळेत फॉर्म घेणारे कारकून कोण, तर आपले बाबा. निकालाच्या दिवशी ते काय म्हणाले ते तुझ्यासमोरच म्हणाले. चार वेळा या हाताने रजिस्टरात याच्या नावापुढे नापास लिहिलं, पाचवी नोंद या हातून होणार नाही. त्या खिडकीपुढे मी कसा उभा राहू?

मिस्त्रींना विचार करतो म्हणून सांगितलंय. नाही म्हटलं तर ते दुकान विकतील, आणि मी पुन्हा बसस्टँडवर, या वेळी बॅग घेऊन.

पत्र शिंपीणकाकूंच्या पत्त्यावर टाकतोय, बाबांच्या हाती नको. तू कुठल्या कॉलेजात गेलीस ते कळव. राग काढून झाला की उरेल तेवढी माया पाठव.

तुझा
दादा

*

ता. ९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शिंपीणकाकूंनी तुझं पत्र शिवलेल्या कपड्यांच्या घडीत घालून दिलं आणि वर मला विचारलं की मुलगा काय करतो. मी म्हटलं, काटे दुरुस्त करतो. त्या खूश झाल्या. भाऊ आहे हे मी सांगितलंच नाही, त्यांना तेवढीच करमणूक.

आईने पत्र तीनदा वाचलं आणि एवढंच विचारलं की माळ्याला खिडकी आहे का. बाबा तुझं नाव काढत नाहीत. मात्र दर रविवारी तुझ्या सायकलच्या साखळीला तेल घालतात. कोणी बघितलं की म्हणतात, गंजेल.

मला हवं ते कॉलेज मिळालं नाही. तीन मार्क कमी पडले. जे मिळालं तिथे जाते, डबा एकटीच खाते, ओळखी होतील. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की एवढी हुशार पोर, भावाच्या नादाने मागे पडली. मी तिथेच असते. दादा, मी पाच महिने हे गिळून बसले आहे, आणि खरं काय ते आपल्या दोघांनाच माहीत आहे.

मार्चमधला गणिताचा पेपर. आडनाव एक, म्हणून नंबर पाठोपाठ. तू पुढच्या बाकावर, मी मागे. तू पहिल्या तासानंतर पेन खाली ठेवलंस ते मला मागून दिसत होतं, तुझे कान लाल झाले होते. मी एक पुरवणी मागून घेतली, माझी तीन गणितं तिच्यावर उतरवली, वर तुझा नंबर घातला आणि पायाने तुझ्या बाकाखाली सरकवली. वीस मिनिटं गेली त्यात. माझा शेवटचा प्रश्न राहिला. त्याचंही मला काही वाटलं नसतं, पण तू ती बांधली नाहीस. बांधली असतीस तर पास झाला असतास, घरात असतास. तू का नाही बांधलीस? फाडून टाकलीस का?

फॉर्म भर. तुला खिडकीपुढे यायचं नसेल तर मी बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवते.

माझ्यावर रुसला असशील तरी लिहीत राहा, एवढंच मागते.

तुझी
छोटी

*

ता. १५ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

फाडली नाही. सोबत पाठवली आहे, बघ. वजन आठ ग्रॅम, मी करून पाहिलं. तुझ्या पत्राचं पाच ग्रॅम भरलं. इथे वस्तूचं वजन करायची सवयच लागते, परवा एक मुंगी ठेवली होती पण ती थांबेना.

दोरा हातात घेतला होता मी. भोकात ओवलासुद्धा. मग वाटलं, यात पास झालो तर घरी जाऊन बाबांना काय सांगू, आणि पास झालेला तो कोण असेल? पुढे कुठेही दहावीचं सर्टिफिकेट काढलं की मला तुझं अक्षर दिसलं असतं. म्हणून घडी करून खिशात घातली. तुला वाटेल मोठ्या मनाचा आहे. तसं काही नाही, भीतीच जास्त होती. त्या हॉलमध्ये घंटा झाली की माझा हात माझा राहत नाही. घरी येणारं गणितही तिथे परक्यासारखं बघतं.

ती पुरवणी पाच महिने माझ्या बॅगेत होती. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तीच वाचायचो. बाई, तुझं तिसरं चुकलंय. पंचेचाळीस किलो मिश्रधातू, तांबं नि जस्त तीनास दोन, किती जस्त घातलं तर दोन्ही सारखी होतील? तू सत्तावीस आणि अठरा बरोबर काढलेस, फरक नऊ, आणि मग त्याचे निम्मे साडेचार केलेस. मीही दोन महिने तेच बरोबर धरून चाललो होतो. एकदा मोठा काटा रिकामा होता, म्हणून एका पारड्यात सत्तावीस किलोची वजनं ठेवली, दुसऱ्यात अठरा, आणि वर साडेचार टाकून पाहिलं. दांडी तिरकीच. तेव्हा डोक्यात शिरलं. एका पारड्यातलं उचलून दुसऱ्यात टाकायचं असतं तर निम्मं. इथे उचलायचं काहीच नाही, बाहेरून आणून घालायचंय, म्हणजे पुरे नऊ. नऊ ठेवले आणि दांडी अशी शांत झाली की मी बराच वेळ बघत बसलो. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून तुझ्या गणिताशेजारी पेन्सिलीने दोन पारडी काढून लिहून ठेवलं.

फॉर्मचं म्हणशील तर माझं नाही ठरतंय. तू बाबांच्या टेबलावर काही ठेवू नकोस आणि त्यांना काही सांगू नकोस. तुझे तीन मार्क माझ्या खात्यात राहू देत, माझं तसंही काही बिघडत नाही. मिस्त्रींना नकार द्यायचा म्हणून रोज तोंड उघडतो आणि रोज ते काहीतरी काम सांगतात.

माळ्याला खिडकी आहे, आईला सांग. तिच्यातून एक भिंत दिसते. तुम्ही सगळे आठवणीत ठेवा, बाकी मी बघतो.

तुझा
दादा

*

ता. २२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू नको म्हणालास ते मी केलं. परवा कोणीतरी पाहुणे आले होते, बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं, भावाच्या नादाने. पाहुणे गेल्यावर मी पुरवणी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. बाकाखाली पाय, वीस मिनिटं, शेवटचा प्रश्न, सगळं. आई दारात उभी होती. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील.

त्यांनी चष्मा लावला आणि गणितं तपासायला घेतली. तुला माहीत आहे ते कसे आहेत, घर जळत असेल तरी बेरीज आधी पडताळतील. पहिल्याला मान हलवली, दुसऱ्याला हलवली. तिसऱ्याशी थांबले. म्हणाले, हे चूक. मग शेजारचं पेन्सिलीतलं वाचलं, तू काढलेली दोन पारडीसुद्धा पाहिली, आणि विचारलं की हे कोणाचं. मी म्हटलं, त्याचं. त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं त्याला. मी म्हटलं, कोणी नाही, तिथे कोणीच नाही.

कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला. दुसऱ्या दिवशी शाळेत चष्मा न घेताच गेले, शिपायाला परत पाठवावं लागलं. दोन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत, पण ओरडलेही नाहीत. तुझा पत्ता विचारतील म्हणून मी तो एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. तिथेच पडून आहे.

फॉर्मचे गठ्ठे शाळेत आलेत. बाबांनी घरी काही आणलेलं नाही, म्हणून तुला आशा लावत नाही. पण नऊ किलोचं मला पटलं. कॉलेजात एका मुलीला सांगितलं, कागदावर काट्याचं चित्र काढून दाखवलं. आता ती माझ्याबरोबर डबा खाते.

रागावलास तरी पत्रातच रागव, अबोला नको.

तुझी
छोटी

*

ता. २८ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. उ. आ.

रागावलो होतो. तीन दिवस. मग एका भाजीवाल्याचा काटा आला, त्याने पारड्याखाली चुंबक लपवला होता, तो शोधण्यात राग कुठेतरी राहून गेला.

ठरलं माझं. उद्या पहाटेच्या गाडीने निघतो. शाळा उघडेपर्यंत पोचेन आणि पोरांच्या मागे रांगेत उभा राहीन. वीस वर्षांचा घोडा, दिसायला वाईट दिसेल, दिसू दे. बाबांना नोंद करायची नसेल तर तसं त्यांनी मला खिडकीतून सांगावं, मी परत येईन. पण न विचारताच नकार धरून बसायचं, तर ते मी इथे रोज करतोच आहे. मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, बरं, आणि कामाला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, मार्चपर्यंत दुपारचे दोन तास काउंटरवर बसू नका, पाहुणे, वर बसून अभ्यास करा. त्यांना वाटतं वर उजेड आहे.

हॉलची भीती गेलेली नाही. ती येईलच माझ्याबरोबर, नेहमीसारखी. तू मागे नसशील एवढाच फरक. मागे वळून बघायची सवय मला कधीच नव्हती, पण तू आहेस हे माहीत असायचं. आता

वरचं वाक्य तसंच राहू दे. मिस्त्रींनी खालून हाक मारली की पाहुणे, तुमच्याकडे कोणी आलंय. मला वाटलं चुंबकवाला भांडायला आला. जिन्यातून वाकून पाहिलं तर बाबा. इस्त्रीचा शर्ट, हातात शाळेचं लांब पाकीट, आणि काउंटरवरच्या छोट्या काट्याकडे श्वास रोखून बघत उभे. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं की इथे जोरात श्वास घ्यायचा नाही.

मी खाली गेलो. त्यांनी विचारलं, माझी गाडी किती वाजता पोचते ते तुझ्या बहिणीने तुला चुकीचं कळवलं होतं का, कारण मी घ्यायला येईन म्हणून ते तासभर बसस्टँडवर बसून होते. तुझं तसं पत्र मला अजून मिळालेलंच नाही. मग खिशातून तुझी पुरवणी काढली आणि मला म्हणाले, ते नऊ किलोचं काट्यावर कर, मला बघायचंय. मिस्त्री मोठी वजनं काढताहेत. दोघांचं जमेलसं दिसतं, दोघेही बोलत नाहीत.

हे मी जिन्याखाली उभा राहून पेन्सिलीने खरडतोय. बाबा हात धुवायला मागे गेलेत, पाकीट काउंटरवर ठेवून. मी उघडून पाहिलं. आत फॉर्म आहे. सगळा कोरा, सही माझी मी करायची, विषय माझे मी लिहायचे. फक्त नावाची ओळ भरलेली आहे, बाबांच्या रजिस्टरातल्या अक्षरात.

तुझा
दादा