स्ट्रेचरमधला माणूस

ता. ९, मंगळवार, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतो कोण! तुझी तब्येत आणि नोकरी बरी असेल असं धरून चालतो. तुझी आई गेल्यापासून, म्हणजे अकरा महिने, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

फायर स्टेशनवर अजून जातो. आगीवर नाही, नव्या भरतीला दोरावरची सुटका शिकवायला. शहराबाहेर दगडाची जुनी खाण आहे, तिच्या उभ्या कड्यावर. कोणी घसरून अडकला तर त्याला स्ट्रेचरमध्ये बांधायचं आणि दोन दोरांवर वर घ्यायचं. एक तुटला तर दुसरा. प्रत्येक गाठ दुसऱ्याने हात लावून तपासायची. मी वर उभा राहून उंटावरून शेळ्या हाकतो.

हल्ली तेही करत नाही. सरावाला जखमी म्हणून पुतळा बांधतात. सलग चार वेळा मी म्हटलं, पुतळा राहू द्या, मी झोपतो. सगळे हसले. "काका, पुतळा तुमच्यापेक्षा हलका आहे हो!" मी म्हटलं, खरी माणसं काय वजन करून घसरतात?

खरं कारण त्यांना सांगितलं नाही. स्ट्रेचरसोबत जो लटकतो त्याला एक नियम आहे, मीच लावलेला: जखमीशी सतत बोलत राहायचं, तो उत्तर देवो न देवो. 'आता जरा हलेल हं, घाबरू नका, मी आहे.' हातपाय बांधलेले, मान वळत नाही, समोर नुसतं आभाळ. अशा माणसाला आवाजाचाच काय तो आधार. ठमे, तिथे चाळीस मिनिटं कोणीतरी माझ्याशी बोलतं. घरी आठवडाभरात तेवढं होत नाही.

काल सोबत एक लाजरी मुलगी होती. मध्यावर वरचा दोर अडला, आम्ही तसेच लटकलेले, आणि ती गप्प झाली. जेमतेम दोन मिनिटं. वीस वर्षं मी हे शिकवतोय, दोर पक्का आहे हे मला माहीत, तरी दरदरून घाम फुटला. वर आल्यावर तिला झापणारच होतो. ती म्हणाली, "सॉरी काका, काय बोलावं सुचेना. वाटलं, मी बाजूला आहे हे तुम्हाला कळतंय ना."

हेच मी तुला दवाखान्याच्या जिन्यात म्हणालो होतो. आई नऊ दिवस डोळे मिटून पडलेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, बोलत राहा. तू घसा बसेपर्यंत बोललीस. मी मूग गिळून खुर्चीत. तू ओरडलीस, "बाबा, एक शब्द तरी बोला तिच्याशी!" आणि मी म्हणालो, "बसतोय ना मी तिच्या बाजूला, कळतंय तिला." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी घाबरलो होतो गं. तोंड उघडलं तर रडू फुटेल आणि ती चालली आहे हे तिला कळेल, असं वाटलं. ती दोन मिनिटं मला सोसली नाहीत. तिने नऊ दिवस काढले. तुझा राग बरोबर होता.

माफी जिची मागायची ती नाही. तुझी मागतो. रविवारी सकाळी दहाला फोन करीन. तू काही बोलू नकोस. नुसता उचल आणि कानाशी धर. तिला सांगायचं राहिलं ते ऐकवायला मला दुसरं कोणी नाही.

बोलायला उशीर झालेला,
तुझा बाबा