वहीत लिहिता तसंच

।। श्री ।।

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवी वही. जुनी शनिवारी संपली. मध्ये दोन दिवस काही लिहिलं नाही, कुणाचं काही अडलं नाही.

व्हि. ३, म्हणजे तिसऱ्या व्हिडिओचा, आवाज पुन्हा करायचा आहे. तुये गावातल्या ऑफिसात आमचा 'स्टुडिओ' म्हणजे भिंतीला जुन्या गाद्या टेकवलेली कोठी. शेजारच्या कारखान्याचा जनरेटर सुरू झाला की तोंड मिटून बसायचं. आज चार वेळा मिटलं.

गावोगावच्या दूध सोसायट्यांसाठी कंपनीने सॉफ्टवेअर काढलंय. ते कसं वापरायचं याचे व्हिडिओ मी करते. बघणारे सगळे सेक्रेटरी साठीच्या आसपासचे. अठरा वर्षं चौथीला शिकवलं, मग मुलं संपली, शाळा बंद. आता हे. फरक इतकाच, की वर्गात कोण बसलंय ते दिसत नाही.

५ फेब्रु., गुरुवार

शिरीष सर पणजीहून आले. मालक आले की निकिता पंखा लावते, एरवी आम्ही दोघी घामाघूम. निकिता व्हिडिओ जोडते, कापते. पोरगी हुशार, पण माझ्या आवाजातला श्वाससुद्धा कापते.

सर म्हणाले, "व्हि. ३ सात मिनिटांचा? लोक कंटाळतात मॅडम. चारात बसवा."

लोकांचं माहीत नाही, मी कंटाळले आहे. व्हि. ३ म्हणजे सभासदांची यादी पहिल्यांदा भरणे. सहा वाक्यं काढून एक घातलं: 'घाबरू नका. वहीत लिहिता तसंच इथे लिहा.' निकिता म्हणाली, मस्त. मलाही आवडलं. वर्गात अशीच बोलायचे.

८ फेब्रु., रविवार

जनरेटर काही ऐकेना, म्हणून घरीच रेकॉर्ड केलं. जनेल, म्हणजे खिडकी, बंद, डोक्यावर चादर. नेमका शेवटच्या ओळीला पोदेराचा भोंपू. पुन्हा करायचं त्राण नव्हतं. राहू दे. पाववाला आला म्हणून हळर्णसारख्या गावातल्या माणसाला काही धक्का बसणार नाही.

पाठवून दिलं. सुटले.

१८ फेब्रु., बुधवार

सुटले कुठची. हळर्णच्या सोसायटीच्या चेअरमनचा फोन. तिथल्या शेवंतीवहिनी वीस वर्षं दूध घालतात, दोन गायी. आठ दिवस त्यांच्या मोबाइलवर रोज आमचा मेसेज: 'आपले दूध पातळ आहे.' शेवटी 'दूध स्वीकारू नये' असा आला. गावात झालं, वहिनी पाणी घालतात. बाईने भरलेला कॅन सोसायटीच्या पायरीवर सगळ्यांदेखत ओतला.

आता कमिटी म्हणते, सेक्रेटरी बाबलकाकांनी मुद्दाम केलं. दोघांच्या कुळागरांची, पोफळीच्या बागांची, हद्द एक, जुनं भांडण आहे म्हणे. रविवारी चार वाजता मीटिंग. काकांना काढणार.

सर म्हणाले, उद्या जाऊन बघून या. 'बघून या' म्हणजे कंपनीची चूक नाही असं लिहून आणा.

१९ फेब्रु., गुरुवार

पेडण्याहून बस, मग अर्धा तास चालत. पाय दुखतायत, तरी सगळं लिहून ठेवते.

बाबलकाका एकतीस वर्षं सेक्रेटरी. चष्म्याच्या काडीला दोरा. मला बघून उठून उभे राहिले, ही लाज वेगळी. "तुजो आवाज वळाकलंय गो बाय. तो पोदेर खंयचो?" भोंपूसुद्धा त्यांनी ऐकला होता.

यादी उघडून दाखवली. क्रमांक १: श्री.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, "काका, हे काय?"

"काय म्हंजे? तूच सांगलंस मगो, वहीत लिवतास तसांच लिव. वहीत पयलां काय लिवतत?"

त्यांनी जुन्या वह्या काढल्या. एकतीस वह्या, प्रत्येकीच्या कपाळावर श्री, मग खाली एक नंबरचा सभासद. इथेही त्यांनी तेच केलं. सॉफ्टवेअरने श्रीला सभासद धरलं, मोबाइल नंबर मागितला, काकांनी आपला दिला. बाकी सगळे एकेक घर खाली सरकले. कॅनवर रंगवलेले नंबर मात्र जुनेच. सतरा नंबरच्या कॅनातलं पातळ दूध सोळा नंबरच्या शेवंतीवहिनींच्या नावावर, आणि त्यांचं चांगलं दूध पंधराच्या नावावर.

एक नंबरचा सभासद हल्ली दूध घालतच नाही, त्यामुळे काकांच्या फोनवर रोज मेसेज येत होता: 'नमस्कार श्री, आज आपले दूध आले नाही.' विचारलं, याचं काही वाटलं नाही? म्हणाले, "माका बरां वाटलां. कंपनी देवाचीय चवकशी करता."

हसू आलं आणि लगेच रडूही. निकिताला फोनवर सांगितलं, ती नुसती हसली. तिचा काही दोष नाही.

येताना वहिनींकडे गेले. बसा म्हणाल्या नाहीत. गोठ्याच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माजी गाय खोटां बोलणा नाय. ह्यां गावाक सांग, माका कित्याक सांगतंस?"

बरोबर बोलल्या.

२० फेब्रु., शुक्रवार

सरांना सांगितलं. खूप हसले. मग म्हणाले, रिपोर्टमध्ये 'वापरणाऱ्याची चूक' लिहा. मी म्हटलं, वाक्य माझं होतं. म्हणाले, "मॅडम, श्री लिहा असं तुम्ही सांगितलंत का? नाही ना?"

नाही. पण शाळेत अर्धा वर्ग एकच चूक करायचा तेव्हा मी मुलांना नाही, फळ्याला बघायचे. सात मिनिटांच्या व्हिडिओत 'पहिल्या ओळीत पहिल्या सभासदाचे नाव' असं वाक्य होतं. ते मीच कापलं.

म्हटलं, मी सोसायटीला तसं पत्र देते. हसणं थांबलं. "मार्चला तुमचं काँट्रॅक्ट संपतंय, लक्षात आहे ना?"

आहे. घरात दुसरा पगार नाही, हेही लक्षात आहे. भीती वाटली. वादाची ताकद नव्हती, म्हणून गप्प बसले. त्यांना वाटलं, मानलं.

२१ फेब्रु., शनिवार

व्हि. ३ पुन्हा. 'पहिल्या ओळीत श्री लिहू नका' हे वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. नऊ वेळा केलं. नवव्यांदा निकितानेच हेडफोन काढला. "ताई, ऐकायला कसंतरीच वाटतंय." शेवटी: 'श्री वहीवर असू द्या. इथे पहिल्या सभासदाचे नाव.' सात मिनिटं झाली. होऊ देत.

दुपारी ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर पत्र टाइप केलं. पाच ओळी. चूक सेक्रेटरींची नाही, शेवंतीवहिनींच्या दुधाची नाही, शिकवण्याची आहे. खाली माझं नाव. सरांना प्रत पाठवली. उत्तर नाही.

२२ फेब्रु., रविवार

सकाळच्या बसने हळर्ण. काका सोसायटीत एकटेच, धुतलेला शर्ट घालून. चार वाजायला पाच तास होते.

पत्र दिलं. दोरा सावरत दोनदा वाचलं. मग काकांनी विचारलं, "ह्यां लिवल्यार तुजी नोकरी ऱ्हवतली मगो?"

म्हटलं, माहीत नाही.

मान हलवली. पत्र पुन्हा वरून खाली बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या पाच ओळींच्या वर, अगदी मधोमध, लिहिलं: श्री. मग घडी घालून खिशात ठेवलं.

शेवंतीवहिनी मीटिंगला येणार की नाही, काकांनाही ठाऊक नव्हतं.

मीटिंग फक्त सभासदांची, म्हणून दुपारच्या बसने घरी आले. आता साडेपाच. हळर्णहून फोन नाही, पणजीहूनही नाही. चहा ठेवलाय.