पाइपाखालच्या तीन कुंड्या

प्रिय दादा,

तुझी खोली कोरडी आहे. पत्रात आधी खुशाली विचारायची असते, पण मला हेच पहिल्यांदा लिहायचं होतं. काल दुपारी अडीच तास पावसाची सलग धार होती. तेवढा वेळ मी तुझ्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून बसलो होतो. दर दहा मिनिटांनी कोपऱ्यातला कागद उचलून गालाला लावून पाहिला. एकदाही ओला लागला नाही.

तू आणि वहिनी बरे असाल. मी ठीक आहे. दुकानात फ्रेमच्या काचा कापायचं काम चालूच आहे. मालक म्हणतात, तुझं मोजून होईपर्यंत फोटोतला माणूस म्हातारा होतो. तिथे दिवस निघतो. घरी मात्र बोलायला कोणी नाही. बाबांना जाऊन चार महिने झाले, तरी मी अजून कडी हळूच लावतो, त्यांची झोप मोडेल म्हणून. चहा दोन कपच होतो. दुसरा नंतर गार झालेला पितो.

तर खोलीचं. छपराचं सगळं पाणी पन्हळीतून त्या एका पाइपात येतं आणि तुझ्या भिंतीच्या पायाशी पडतं. नर्सरीतल्या माळीकाकांना विचारलं. ते म्हणाले, पाण्याला नुसतं हाकलू नकोस, टेकायला जागा दे. मग पाइपाखाली विटांच्या तीन मोठ्या कुंड्या बांधल्या, उतरत्या पायऱ्यांसारख्या. आतून सिमेंटचा गिलावा, तळाशी वीतभर खडी, मग वाळू, वर माती. एक भरली की जास्तीचं पाणी नळीने दुसरीत जातं, तिथून तिसरीत, आणि शेवटी गल्लीतल्या गटारात. पहिल्या खेपेला मी खडी घातलीच नव्हती, माती जास्त मावेल म्हणून. गुलाब लावले होते. आठवड्यात मुळं कुजली. माळीकाका म्हणाले, झाडाला पाणी पाजतोयस की जलसमाधी देतोयस? आता कर्दळ लावली आहे, तिला चिखलाचं वावडं नाही. काल पहिली कुंडी अठरा मिनिटांत भरली आणि पाऊस थांबल्यावर चार तासांत निथळली. वहीत लिहून ठेवलं आहे. हसू नकोस. मोजपट्टी हे नाव तूच ठेवलंस.

ती खोली तू लग्नाआधी सुट्टीच्या दिवशी एकट्याने बांधलीस. मी विटा पुरवत होतो आणि तू प्रत्येक थराला ओळंबा सोडून मला विचारायचास, बोल मोजपट्टी, पास की नापास? पुढच्याच पावसाळ्यात फरशीतून पाणी वर आलं. वहिनीची ट्रंक खालून गंजली, कपड्यांना डाग पडले. तू फरशी उखडून पुन्हा बसवलीस, पुन्हा तेच. बाबा जेवताना म्हणाले, जगाची घरं कोरडी ठेवणारा गवंडी, आणि स्वतःच्या खोलीत होड्या सोडतो. तू ताटावरून उठलास. महिन्याभरात तुम्ही दोघं घर सोडून गेलात. तुझी थापी फळीवर राहिली. तिला मी तेल लावतो.

बाबा शेवटच्या आठवड्यात तुझंच बोलत होते. म्हणाले, थोरल्याचा हात इतका साफ, मग तेवढी एक फरशी कशी चुकली असेल? मी त्यांचे पाय चेपत होतो. चेपत राहिलो.

दादा, फरशी चुकली नव्हती. पाइपाचं तोंड आधी गल्लीकडे होतं. तिथे माझी सायकल असायची, शिंतोड्यांनी साखळी गंजत होती. म्हणून तुझ्या लग्नानंतर मी खालचा एल्बो, म्हणजे पाइपाच्या टोकाचा वाकडा तुकडा, अर्धा वळसा फिरवला, तुझ्या भिंतीकडे. पुढे सायकलीसाठी पत्रे उभे केले, त्यामागे तो दिसेनासा झाला. दुसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा तू मला विचारलं होतंस, पत्र्यांमागे पाइपाचं तोंड अजून गल्लीकडेच आहे ना रे? पाणी माझ्यामुळे येतंय, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हणालो, तिकडेच. तू म्हणालास, मोजपट्टी म्हणते म्हणजे तसंच असणार, आणि परत फरशी फोडायला बसलास. एल्बो सरळ केला असता तर कोणीतरी विचारलं असतं, म्हणून तोही केला नाही. बाबा गेल्यावर करायला गेलो तर तो पक्का बसला होता. जोर लावला तर पाइप तडकला असता. म्हणून या कुंड्या. बाबांना सांगायचं राहून गेलं, ते आता कधीच होणार नाही. तुला सांगायचं राहू नये म्हणून हे पत्र. मधली कुंडी दोन बोटं कललेली आहे. बांधतानाच दिसत होतं, पण ओळंबा तुझ्याकडे आहे. तो घेऊन ये. आधी मला काय बोलायचं ते बोल, मग तिला नापास कर.

तुझाच,
मोजपट्टी