भाग बावन्नचा हशा

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोज एक विनोद लिहायचा. जमेल की नाही हा प्रश्नच नाही. बारा वर्षं विनोदी मालिकांना रेकॉर्ड केलेला हशा लावतोय. लोकांनी कुठे हसायचं हे माझ्याइतकं कोणाला कळतं?
सध्याच्या मालिकेची लेखिका सव्वीस वर्षांची. लिहिते काय, तर एका फ्लॅटमध्ये राहणारे चार बिनकामाचे मित्र. एकाला लिफ्टची भीती, एकीला दुसऱ्यांच्या घराच्या किल्ल्या जमवायचा नाद, उरलेले दोघे सोफ्यावर लोळत. याला म्हणे कॅरेक्टर! भाग बावन्न आलाय. चौघं लिफ्टमध्ये अडकतात. बस्स, एवढंच. तिने खुणा केलेल्या हशाच्या जागा एक्केचाळीस. मला एकही सापडेना.

मंगळवार, ५ मार्च
विनोद लिहिला. याच भागाला शोभेल असा. "लिफ्ट बंद पडली म्हणून काय झालं? जिना चालू आहे ना!" तीन थर आहेत त्यात. जेवणाच्या सुट्टीत लेखिकेला ऐकवला. छान म्हणाली आणि अर्धा डबा तसाच बंद करून उठली. जळते.

बुधवार, ६ मार्च. सकाळी ११
संधी! लिफ्टला घाबरणाऱ्या नटाचं एक वाक्य पंख्याच्या आवाजाने खराब झालंय. तो ते पुन्हा रेकॉर्ड करायला आला. पडद्यावर त्याची पाठ आहे, ओठ दिसत नाहीत. मी मूळ वाक्याच्या जागी माझं वाक्य लिहून कागद पुढे ठेवला. वाचलं आणि गेला. आपण काय वाचतोय हे नटांना कधी कळलंय?

संध्याकाळी ५
हशा कुठला लावावा? नेहमीच्या हशातले खोकणारे काका नकोत. शेवटी बायकोचं हसू लावलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी घरीच रेकॉर्ड केलेलं. सात सेकंद. मध्ये तिला श्वास पुरत नाही. आजवर कुठल्याच मालिकेला दिलं नव्हतं, भिकार वाक्यांवर कशाला उधळायचं?
हल्ली ती घरात हसत नाही. म्हणजे हसते, पण मी खोलीत नसताना. शनिवारी टीव्हीवर हा विनोद ऐकून हसली की मग सांगणार, माझा आहे. ठरलं.

गुरुवार, ७ मार्च
दिग्दर्शकाने भाग पास केला. फोनवर बोलता बोलता. व्हिजिटिंग कार्डावर "विनोदी लेखक" छापावं की नुसतं "लेखक"? नुसतं बरं. भारदस्त वाटतं.
आजचा विनोद राहिला. परवाचाच दोन-तीन दिवसांना पुरेल असा आहे.

शनिवार, ९ मार्च. संध्याकाळी साडेसात
बायकोला टीव्हीसमोर बसवलं. किल्लीवालीला हसली. सोफ्यावरच्या दोघांना हसली. एकदा तर पाणी पिताना ठसका लागला. अभिरुची म्हणून काही असते की नाही!
मग माझी जागा आली. टीव्हीतून तिचंच हसू आलं, श्वासासकट. ही नुसती बघत राहिली. यात हसण्यासारखं काय होतं, म्हणाली. आणि ही बाई कोण, किती मोकळं हसतेय.
 आमच्या टीव्हीचे स्पीकर जुने आहेत. त्यामुळे झालं.

रविवार, १० मार्च
विनोद लिहिला नाही. रविवारी सुट्टी असते.

सोमवार, ११ मार्च. दुपारी
लेखिकेने बोलावलं. नोकरी गेली असं वाटलं. म्हटलं, गेली तर गेली, भांडून जाऊ. चार सणसणीत वाक्यं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. तिने आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, ते लिफ्टचं वाक्य कोणाच्या लक्षातच आलेलं नाही, पण रिपीटच्या आधी काढून टाका. ते हसू मात्र ठेवा. फार खरं वाटतं. आधीच्या वाक्यावर सरकवा.
आधीचं वाक्य किल्लीवालीचं. "माझ्याकडे सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या आहेत. बोलावणं तेवढं कोणाचंच नाही."
सरकवलं. चपखल बसलं. खात्री करायला म्हणून सहा वेळा ऐकलं. सहाव्यांदा मला हसू फुटलं. खोलीत कोणी नव्हतं हे बरं.

रात्री ८
जेवताना बायकोला तेच वाक्य म्हणून दाखवलं. अगदी किल्लीवालीच्या आवाजात. ती भात वाढत राहिली. म्हणाली, हो, शनिवारी ऐकलं तेव्हा फार हसले होते मी.