नाल्याअलीकडे हवापालट

१० मे १९५६, गुरुवार. धुळे. दुपारी ४

रजा मंजूर. दहा दिवस. कारण: हवापालट. हेडक्लार्कने कागद वाचून माझ्याकडे पाहिले आणि हसला. का हसला ते कळले नाही. त्या माणसाला मुळातच मॅनर्स नाहीत.

गिरधर आमच्याच कचेरीत, शेजारच्या टेबलावर. चाळिशीला टेकला तरी लग्न नाही, म्हणून नेहमी मोकळा आणि आनंदी. त्याच्या मामांची एरंडोलजवळ आमराई आहे. तिथे मी, तो आणि नासीर असे तिघे जाणार. नासीरचे आग्रा रोडला घड्याळदुरुस्तीचे दुकान. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसते म्हणतो. इतर ऋतूंतही मी पाहिलेले नाही.

आमराईसमोरचा नाला ओलांडला की माझी सासरवाडी. हा निव्वळ योगायोग आहे. वही माझी, वाचणाराही मीच, तेव्हा खोटे लिहिण्याचे कारण नाही.

सौ. लता चैत्रातच माहेरी गेली. महिना होत आला. मला फरक पडत नाही. दूध रोज उतू जाते ते स्टोव्हमुळे.

आता मुद्दा. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी खापरावरची पहिली पुरणपोळी जळगावच्या साडूच्या ताटात पडली. मी थोरला जावई. तो धाकटा. ओव्हरसियर झाला म्हणून काय झाले? मला दुसरी पोळी. वर्षभर मी एक शब्द काढला नाही. रुसलो आहे हे सांगायचे नसते, समोरच्याने ओळखायचे असते.

प्लॅन असा. त्यांच्या डोळ्यांसमोर राहायचे आणि घरी पाऊल टाकायचे नाही. सासऱ्यांना कळेल. बोलावणे येईल. पहिल्यांदा नाही म्हणायचे. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा सासरे स्वतः येतील, मागून लता येईल आणि म्हणेल, चला, आपल्या घरी जाऊ. तिने एवढे म्हणावे, बस. बाकी पोळीबिळी काही नको.

मित्रांना यातले काही सांगितलेले नाही.

(आज अमावास्या. मी मानत नाही. तरी उद्याच निघायचे ठरवले.)

११ मे, शुक्रवार. आमराई. संध्याकाळ

एस.टी.त शेजारच्या बाईच्या टोपलीत कोंबडी. एरंडोलपर्यंत माझ्या गुडघ्यावर. एरंडोलहून बैलगाडी. रस्ता नाहीच, नुसता फुफाटा. तोंडात गेला तो अजून दाताखाली लागतो.

आमराई म्हणजे सावली असेल असे वाटले होते. सावली आहे, पण तिच्यात मुंगळे आहेत. झोपडीच्या कुडात सरडा. आंब्यांचा चीक शर्टावर पडला, डाग जाणार नाही. विहिरीत बेडूक. नासीर म्हणतो, बेडूक असलेले पाणी चांगले. त्याने ओंजळीने प्यायले. मला शिसारी आली. रात्रीपर्यंत तहान सोसायची ठरवली. साडेपाचला प्यालो.

आरामखुर्ची धुळ्याहून आणली आहे, एस.टी.च्या टपावर टाकून. ती नाल्याकडे तोंड करून मांडली. मग वाटले, यात उतावळेपणा दिसतो. पाठ केली. पाठीवरून नाराजी जास्त चांगली कळते.

१२ मे, शनिवार. सकाळी १०

आले. मी म्हणालो नव्हतो?

सासऱ्यांचा सालदार सुपडू नाला ओलांडून आला. जावईबापू, बरं शे ना, म्हणाला. मी फक्त मान हलवली. मग त्याने सासऱ्यांचा निरोप सांगितला: आबांनी सांगं शे, आखाजीले बठ्ठासनी जेवाले येवानं.

पहिले बोलावणे. ठरल्याप्रमाणे नकार दिला. कारण काय द्यावे याचा विचार केलेला नव्हता. तोंडातून गेले, पोट ठीक नाही, डॉक्टरने पुरण वर्ज्य सांगितले आहे. आवाज पुरेसा थंड ठेवला होता. शहाण्या माणसाला त्यातून सगळे कळेल.

सुपडू काळजीने माझ्या पोटाकडे पाहत गेला.

दुपारी २

गिरधर म्हणाला, तुझे पोट तर सकाळी चार भाकरी खाताना ठीक होते. मी खुर्ची त्याच्याकडे पाठ करून मांडली.

१३ मे, रविवार. अक्षय्य तृतीया. सकाळी ७

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. दुसरे बोलावणे आज येणार. नकार तोंडपाठ आहे.

११ वाजता

पलीकडे झोके बांधले आहेत. बायकांची गाणी ऐकू येतात. लताचा आवाज ओळखू आला. ती सूर सोडून गाते, तरी ओळखू आला म्हणून लिहिले. पुरणाचा वास नाल्याच्या अलीकडेपर्यंत येतो. याला काय म्हणावे?

१२.३०

सुपडू आला. मी उठलो. मग बसलो. त्याने गिरधरला आणि नासीरला जेवायला चला म्हटले, आणि माझ्या हातात झाकण लावलेला डबा दिला. सासूबाईंनी स्वतः केले आहे, पोटाला हलके.

ज्वारीच्या कण्यांची पेज. मीठ बेताचे. आखाजीच्या दिवशी.

मित्र एकमेकांकडे पाहून निघून गेले. थांबा म्हणायला हवे होते त्यांनी. मी थांबू नका म्हटले असते, पण त्यांनी म्हणायला हवे होते.

संध्याकाळी ६

परत आले. दोघांच्या बोटांना तुपाचा वास. नासीरने सासऱ्यांच्या भिंतीवरचे घड्याळ सुरू करून दिले. सात वर्षे बंद होते म्हणे. सगळ्या घराने टोल मोजले. सासूबाईंनी त्याला आमरसाची तिसरी वाटी दिली. तो माणूस दुकानात कधी एवढा हुशार दिसला नाही.

लताने विचारले म्हणे, यांचे पोट कसे आहे.

मी विचारले, आणखी काय म्हणाली? आणखी काही नाही.

पेज संपवली. फेकून द्यायची होती, पण मुंगळे आले असते.

१४ मे, सोमवार. सकाळी ८

दुसऱ्या बोलावण्याची वेळ झाली आहे. उशीर होतो आहे, कारण त्यांना अपराधी वाटते. हे शुभ चिन्ह.

९.१५

बोलावणे नाही. काढा आला. काडेचिराईताचा, काळा, तांब्याभर. मी म्हटले, ठेवून जा. सुपडू म्हणाला, मना समोर पेवानं शे, अक्कांनी सांगं शे. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, धुरपदाबाई. त्यांचा शब्द गावात तलाठीसुद्धा मोडत नाही.

प्यालो. जिभेचे कातडे झाले. डोळ्यांत पाणी आले ते सुपडूने पाहिले आणि उद्याबी आनसू म्हणाला.

दुपारी जेवणाला पुन्हा पेज. मित्रांना पुन्हा बोलावणे. मी गिरधरला बजावले की तिथे कुणी विचारले तर मी मजेत आहे असे सांग. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही? त्याने तसेच सांगितले. शब्दही न बदलता. मूर्ख.

१५ मे, मंगळवार. दुपारी ३

वाईट बातमी.

नासीर जेवून आला. हात धुता धुता सहज म्हणाला, तुझ्या सासूबाई पोळ्या करताना बोलत होत्या. खापर नीट तापलेले नसते, म्हणून पहिली पोळी चिकटते, फाटते. ती थोरल्या जावयाला कशी वाढायची? म्हणून गेल्या वर्षी जळगावच्या जावयाच्या ताटात ढकलली. तो घरच्यासारखा आहे, काही बोलत नाही.

म्हणजे दुसरी पोळी मानाची होती.

अर्धा तास खुर्चीत नुसता बसलो. वर्षभर जपलेली तक्रार हातातून गेली. माझ्याकडे आता काहीच नाही. फार एकटे वाटले.

४ वाजता

सापडले. हे मला त्याच वेळी का सांगितले नाही? जावयाला वर्षभर अंधारात ठेवणे ही साधी गोष्ट आहे का? रुसवा कायम. उलट आता त्याला तात्त्विक बैठक आली.

काढा: अर्धा तांब्या. पेज: होय.

१६ मे, बुधवार

पद्मालयाला जायचा प्रोग्रॅम माझा होता. धुळ्यापासून मी बोलत होतो. कमळांच्या तळ्याकाठी बसून आयुष्याचा विचार करणार होतो.

सकाळी सासऱ्यांची छकडागाडी आली. आत साडू. गिरधर आणि नासीर चढले. साडूने खाली उतरून मला नमस्कार केला आणि म्हणाला, दादा, तुम्ही आराम करा, गाडीचे हिसके पोटाला बरे नाहीत. खरी काळजी होती त्याच्या तोंडावर. त्यामुळेच जास्त राग आला.

दिवसभर एकटा. एक बकरी येऊन माझा टॉवेल खाऊ लागली. अर्धा ओढून घेतला. पिकला आंबा खाल्ला, आत अळी निघाली. पुढचे लिहिणार नाही.

दुपारी उशिरा पलीकडच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, बायका ज्वारीचे पापड, बिबडे, वाळत घालताना दिसल्या. हिरव्या लुगड्यातली लता असावी. मी खुर्ची फिरवली. चष्मा पुसला. तिने कपाळावर हात धरून इकडे पाहिले. मी लगेच पाठ केली.

थोड्या वेळाने वळून पाहिले तर नव्हती.

१७ मे, गुरुवार. रात्री ८

आज नाला ओलांडला. बोलावणे नव्हते. संध्याकाळचे फिरायला निघालो आणि पाय तिकडे गेले. धोतर नाल्यात भिजू नये म्हणून वर धरले, तेवढ्यात शेजारच्या कुंदाबाईंनी पाहिले आणि जावई उनात, म्हणजे आले, असे गावभर केले.

सासरे खाटेवरून उठले, मला बसवले, मागे उशी दिली. सासूबाईंनी विचारले, आता कसे? मी म्हटले, पूर्ण बरा आहे. हे मी अगदी स्पष्ट म्हटले. त्या खूश झाल्या. काढा लागू पडला म्हणाल्या. अजून तीन दिवस घ्या.

पंगत बसली. साडू, गिरधर, नासीर यांना आमरस. मला कण्या. मी आमरसाकडे पाहिले. सासरे म्हणाले, तुमी इसाव्याले उनात, म्हनी आम्ही कोनी तरास दिधा नही. लता म्हने, त्यासले शांत राहू द्या, कचेरीमा जीव नुसता कावी जास.

लता म्हणाली होती. म्हणजे हे तिनेच ठरवले. दुसरे बोलावणे आले नाही ते तिच्या सांगण्यावरून, आणि माझ्या भल्यासाठी. मला आधी संताप आला, मग राहिलेल्या कण्या संपवल्या.

निघताना ओट्यावर ती एकटी भेटली. हातांना पीठ. बारीक झाली आहे. घर कसे आहे, विचारले. मी म्हणणार होतो की घर खायला उठते. म्हणालो, उत्तम. शांतता असते. वेळेवर सगळे होते.

तिने हातांचे पीठ पदराला पुसले. मग म्हणाली, बरं झालं, मी उगाच जिवाला लावून घेत होते.

ती समजूतदार आहे. पण इतके नको.

१८ मे, शुक्रवार

ऊन. माशा. गिरधरने आज माझ्याच खुर्चीत बसून सांगितले की आयुष्यात इतकी चांगली सुट्टी त्याने घेतली नव्हती. दोघांची वजने वाढली आहेत. माझा पट्टा आतल्या भोकात गेला.

नासीरला गावातली आणखी दोन घड्याळे आली. मला काढा आला.

उद्या निघायचे. लताला स्पष्ट सांगायचे ठरवले आहे. स्पष्ट म्हणजे, तिला कळेल असे.

१९ मे, शनिवार. पारोळे स्टँड. दुपारी १

एस.टी. दहा मिनिटे थांबली आहे. घाईने लिहितो.

एरंडोलला आम्हाला सोडायला सासरे छकडा घेऊन आले. मागे लता बसलेली. छकड्यात तिची पत्र्याची पेटी. मी पाहिली.

गिरधर आणि नासीर मुद्दाम दूर जाऊन उभे राहिले. सासरे बैलाकडे वळले. लता माझ्याजवळ आली. चेहऱ्यावरून पदर मागे घेऊन हळू म्हणाली, पेटी भरेल शे. मी येऊ का आजच?

धुळ्यातली सहा वर्षे ती माझ्याशी शहरी बोलते. आज मात्र तिच्या तोंडात माहेरची बोली आली.

मी म्हणालो, कशाला घाई? वाळवण अर्धे राहील. माझे काय, चालते.

का म्हणालो कळत नाही. तोंडाला वळण लागले आहे.

तिने माझ्याकडे पाहिले. मी एस.टी.च्या टायरकडे पाहिले. पुन्हा विचारेल म्हणून थांबलो. ती म्हणाली, बरं. आणि तुमच्या पिशवीत डबा ठेवला आहे तो सांभाळा.

सासरे गिरधरला म्हणाले, आमना जावई मोठा समजदार. कंडक्टरने घंटा मारली.

इथे उतरावे आणि परतीची गाडी पकडावी असे वाटले. खाली उतरलोही. नासीरने विचारले, कुठे चाललास? मी म्हटले, चहाला.

२१ मे, सोमवार. धुळे. सकाळी ९

डब्यात पुरणपोळ्या होत्या. परवा संध्याकाळी एकट्याने खाल्ल्या. पोट खरेच बिघडले. कालचा दिवस त्यात गेला.

आज कचेरी. त्याआधी लताला पत्र लिहायला बसलो. ये, एवढेच लिहायचे होते. चार पाने झाली. हवा, गर्दी, एस.टी.ची अव्यवस्था, स्टोव्ह, हेडक्लार्क, सगळे आले. ते मात्र आले नाही. शेवटच्या पानावर थोडी जागा उरली होती. तिथे बराच वेळ लेखणी धरून बसलो.

माझी काळजी नसावी, सावकाश ये, असे लिहिले आणि टपालपेटीत टाकून आलो.