गोळी सापडली पाहिजे

दि. ४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लग्नाबद्दल काही लिहू नकोस असं मी कळवलं होतं, म्हणून या खेपेला तू फक्त मुलीची उंची लिहिलीस. तेवढी सुधारणा झाली हे काय कमी आहे?

मी इथे नेमकं काय करतो असं तू दर पत्रात विचारतेस, तर आज सांगून टाकतो. माणूस गोळी गिळतो. ती यकृतात जाते. यकृत तिची मोडतोड करून तिचं तिसरंच काहीतरी बनवतं आणि शेवटी लघवीवाटे घालवून देतं. कशाचं काय झालं आणि किती झालं, हे मी बाटल्यांमधून मोजत बसतो. अंगातलं निम्मं औषध बाहेर पडायला जो वेळ लागतो त्याला आम्ही अर्धायुष्य म्हणतो. माझं स्वतःचंही निम्मं आयुष्य यातच बाहेर पडलं, आणि नोकरी अजून तात्पुरतीच आहे.

सध्या हाताशी सांधेदुखीची एक गुलाबी गोळी आहे. यकृताने मोडल्याशिवाय तिचा गुण येत नाही, आणि सगळ्यांची यकृतं ती इमानदारीने मोडतात, त्यामुळे बाटलीत ती नावापुरतीच सापडते. साहेबांना असा माणूस हवा आहे की ज्याच्या बाटलीत ती पुरती सापडेल. तो मिळाला की मी कायम. खात्यातले सगळे, दारावरचा रखवालदार, साहेबांचे सासरे, सगळ्यांचं करून झालं. आता घरचीच माणसं उरली. सोबत एक गोळी आणि एक मोठी बाटली पाठवली आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून घे आणि दिवसभराचं सगळं साठवून पाठव. गोळी सापडली पाहिजे, माझं सगळं त्याच्यावर आहे.

आणि हे गल्लीभर करू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला ठाऊक आहे, पण प्रयत्न कर. काकांना नमस्कार. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
टिल्लू


दि. १५ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

बाटली आज पाठवली. पोस्टातल्या बाबूने आत काय आहे असं विचारलं, मी खरं ते सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याशी फार अदबीने वागतो. गल्लीत मी कुणालाही बोलले नाही. इस्त्रीवाल्याला सांगितलं, पण तो पलीकडच्या गल्लीतला.

चाळिशीला टेकलेल्या माणसाला तात्पुरतं ठेवतात म्हणजे काय, यावर तुझे काका दोन दिवस धुसफुसत होते. मलाही द्या एक बाटली, असं म्हणत होते. मी म्हटलं, एका घरातून एक पुरे.

गोळी सापडली पाहिजे हे तुझं वाक्य मी जिवाला लावून घेतलं आहे. ती सापडेल, तू निर्धास्त राहा. मी जातीने लक्ष घातलं आणि पाठवण्याआधी बाटली चांगली हलवलीसुद्धा.

मुलगी बुटकी वाटत असेल तर मोकळेपणाने लिही. उंच टाचेच्या चपला मिळतात. पत्राला उशीर कर, पण मायेला करू नकोस.

तुझी,
मावशी


दि. २ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बसून वाच. तुझ्या बाटलीत गोळीच्या गोळी सापडली, कणभरही कमी नाही. तुझ्या यकृताने तिला बोटसुद्धा लावलेलं नाही. मी यंत्र तपासलं, मग साहेबांनी मला तपासलं, मग कुणीतरी साहेबांकडे संशयाने बघायला लागलं, आणि शेवटी सगळ्यांनी मान्य केलं की असा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही.

त्यातही तुझ्या बाटलीला गुलाबी छटा आहे आणि तळाशी पांढरा चुरा बसला आहे. हा चुरा माझा शोध. त्याच्यावर मी निबंधात पानंच्या पानं लिहिली आहेत, फोटो पान चारवर आहे. तुझ्यासारख्या माणसांना यापुढे 'मावशी प्रकार' म्हणायचं ठरलं आहे. खात्यात एका खोलीवर 'मावशी कक्ष' अशी पाटीही लागली. आत सध्या एक खुर्ची आहे. तिच्यावर बसायची कुणालाच परवानगी नाही.

आता अशी आणखी माणसं ओळखायची कशी, हा प्रश्न आहे. तेव्हा तू कशी झोपतेस, काय पितेस, सगळं कळव. लाजू नकोस, हे विज्ञान आहे. खुर्ची मोकळी आहे तोवर लोभ असो.

तुझा,
टिल्लू


दि. ११ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

मी डाव्या कुशीवर झोपते, चहात तीन चमचे साखर घालते आणि घोरते. शेवटचं मला मान्य नाही, पण तुझे काका लिही म्हणाले. माझ्यात काहीच मुरत नाही हे शास्त्राने आज सांगितलं, आपण लग्नापासून सांगतो आहोत, असंही ते म्हणाले.

डॉक्टर मात्र रुसले आहेत. इतकी वर्षं त्यांनी दिलेल्या औषधांनी मी बरी झाले की आपली आपणच, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. तू कायम झालास की त्यांना एक छान पत्र लिही. आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
मावशी


दि. ५ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गोळी बनवणाऱ्या कंपनीने सगळ्या डॉक्टरांना पत्रक धाडलं आहे. डाव्या कुशीवर झोपणाऱ्या, घोरणाऱ्या आणि गोड चहा पिणाऱ्या बायकांना ही गोळी लागू पडत नाही, सबब त्यांनी दुप्पट घ्यावी. तेच आता वेष्टनावरही छापणार आहेत.

आणि ऐक. पुढच्या आठवड्यात गुरुवारी साहेब, निवड समिती आणि कंपनीचा माणूस तुझ्या घरी येत आहेत, तुझा सत्कार करायला. माझ्या कायमच्या कागदावर सही तिथेच, तुझ्यासमोर व्हायची आहे. मला इथेच थांबायला सांगितलं आहे. चहात साखर तीनच चमचे घाल, ते मोजतील. गुरुवारपर्यंत आणि गुरुवारनंतरही लोभ ठेव.

तुझा,
टिल्लू


दि. ९ ऑगस्ट

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अरे, ती गोळी मी गिळलीच नव्हती. सापडली पाहिजे असं तू लिहिलंस. गिळली तर नावापुरतीच सापडते, हेही तूच लिहिलंस. मग गिळण्यात काय अर्थ होता? मी ती सरळ बाटलीत टाकली. तुझा तो पांढरा चुरा म्हणजे गोळीतला खडू असेल. तू त्याच्यावर एवढं लिहिलंस, मला फार वाईट वाटतं आहे.

पण खरी काळजी वेगळीच आहे. शेजारची शिंपीण तीच गुलाबी गोळी घेते. ती डाव्या कुशीवर झोपते, चहा पाकासारखा पिते आणि घोरते, ते तर भिंतीतून ऐकू येतं. डॉक्टरांनी तिला कालपासून दोन-दोन घ्यायला सांगितल्या आहेत. तिने माझे पडदे वीतभर आखूड शिवले तेव्हापासून आमचं बोलणं नाही, पण म्हणून काय तिला मरू द्यायचं? डॉक्टर अजून रुसलेले, माझं ऐकायचे नाहीत, तू ताबडतोब साहेबांना सांग. रागावलास तरी माया तोडू नकोस.

तुझी,
मावशी


दि. १२ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न.

हे पत्र वाचून फाडून टाक. गुरुवारी सही होऊ दे. शुक्रवारी मीच ती चूक शोधून काढतो. चूक शोधणारा माणूस कायम असला तर त्याला प्रामाणिक म्हणतात, तात्पुरता असला तर घरी पाठवतात. शिंपिणीला तेवढ्या दिवसांत काही होत नाही. गुरुवारचा तेवढा एक दिवस पोटात ठेव. पाया पडतो.

टिल्लू


दि. २० ऑगस्ट

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

समिती आली, फुलं आली. तुझे साहेब माझ्याशी बोलताना सारखे माझ्या पोटाकडे बघत होते. मी बोलायला नको म्हणून तोंडात बिस्किटं कोंबून बसले होते. पहिला चहा निभावला. दुसरा ओतताना खिडकीतून दिसलं, शिंपीण पायरीवर डोकं धरून बसली होती, गरगरतंय म्हणत. मग मात्र मला राहवलं नाही. बिस्किटासकट सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, या वयात आठवणीचा घोळ होतो. समितीच्या अध्यक्षबाईंनी मात्र ग्लासभर पाणी मागवलं आणि कंपनीच्या माणसाच्या बॅगेतली गोळी त्यात टाकायला लावली. पाणी गुलाबी झालं, तळाशी पांढरा चुरा बसला. बाईंनी तुझ्या निबंधाचं पान चार काढून ग्लासाशेजारी धरलं. त्या इतक्या हसल्या की तुझ्या काकांनी त्यांना पाणी दिलं, सुदैवाने दुसऱ्या ग्लासातलं. कंपनीचा माणूस डॉक्टरांकडे धावला आणि तिथून फोन करून त्याने छपाई थांबवली. पत्रकही मागे घेतलं. शिंपीण आता एकाच गोळीवर आहे आणि बरी आहे. फुलं साहेब परत घेऊन गेले.

जाताना त्यांनी विचारलं, हे तुमच्या भाच्याला माहीत होतं का. तुझे काका छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्या बिचाऱ्याला काय माहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पोटात ठेवलं टिल्लू, आणि ते तुझ्यासाठी ठेवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, मुलगा भोळा दिसतो, त्याच्या नोकरीचं बघू.

गोळी बाटलीत टाकली ती न कळून. हे खोटं मी कळून बोलले, आणि ते मला फार जड जातं आहे. तू स्वतः जाऊन बाईंना खरं सांग. नोकरी गेली तर इकडे ये, माडीवरची खोली रिकामी आहे आणि मुलगी अजून तेवढ्याच उंचीची आहे. त्या कक्षातली खुर्चीही घेऊन ये, नाहीतरी तिच्यावर कुणी बसत नाही.

पण जायचं ते लवकर जा. निम्मं बाहेर पडायला लागणारा तो वेळ, त्याला तू अर्धायुष्य म्हणतोस ना? शिंपीण आणि मी आता बोलतो. निम्मं आज सकाळीच तिला सांगून झालं आहे.

उरलेलं निम्मं पोटात आहे तोवर लोभ असू दे.

तुझी,
मावशी