एक्केचाळीस की एकोणनव्वद

सुकापूर, पनवेल
रविवार, एकवीस जानेवारी, दोन हजार सात

प्रिय सुदाम,

तारीख अक्षरांत बघून हसला असशील. हस. हल्ली मी सगळंच अक्षरांत लिहिते. परवा गॅसच्या नोंदणीत ग्राहक क्रमांकसुद्धा अक्षरांत लिहिला, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, खरेदीखत करताय का?" असं का, ते पुढे येईलच. सकाळपासून हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करतेय. मध्ये दोनदा गच्चीवर जाऊन आले. कपडे ओले असतानाच काढून आणले आणि परत नेऊन वाळत घातले. आई म्हणाली, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? लागलीय खरी. गेले दोन आठवडे मला एका जागी बसवत नाही, आणि जे सांगायचं ते बसल्याशिवाय लिहिता येत नाही.

आधी इकडच्या बातम्या. कमळाकर सरांचं युनिट औद्योगिक इस्टेटच्या मागच्या गल्लीत तिथेच आहे. पावसाळ्यात दाराशी तसंच तळं होतं, आणि आत शिरताना बूट काढून तेच निळे कापडी मोजे चढवावे लागतात. तुझ्या बाँडिंगच्या मशीनवर दोघं येऊन गेली, टिकलं कुणी नाही. केसाहून बारीक तार एका दमात टेकवणारा हात परत मिळाला नाही, असं सर स्वतः म्हणतात. तू नसताना म्हणतात, हे मात्र त्यांच्या स्वभावाला धरूनच. महिन्यापूर्वी नव्या बोर्डांचं काम आलं आणि माझ्या हाताखाली वेणू नावाची मुलगी दिली. पेणची आहे, डिप्लोमा नुकताच झालाय, प्रश्न फार विचारते.

तिला शिकवताना मी तुझेच शब्द वापरते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, ताई, आपण नक्की करतो काय? मी म्हटलं, तिकडे परदेशात जमिनीखाली मोठ्या नळीत कणांच्या टकरी होणार आहेत. त्या टकरींतून उडालेले कण सिलिकॉनच्या पातळ चकत्यांमधून जातील तेव्हा चकती अगदी हळू काहीतरी बोलेल, आणि ते ऐकायला खाली हा बोर्ड लागतो. बोर्डाला बत्तीस कान. प्रत्येक कानाशी आपण इथून एक बारीकसा विजेचा ठोका द्यायचा आणि उत्तर येतं का बघायचं. जो उत्तर देत नाही तो मुका. ठोका न देताच बोलत सुटतो तो बडबड्या. एकापेक्षा जास्त मुके निघाले की बोर्ड बाद. तिनं विचारलं, कान मुका कसा असेल ताई, बहिरा म्हणा ना. मी म्हटलं, ज्यानं नाव ठेवलं तो जासईला असतो, जाऊन भांड त्याच्याशी. आणि मग मीच पाणी प्यायला बाहेर गेले.

तिला मी आणखी एक शब्द दिला, काकण. मनगटाला बांधायचा तो पट्टा आणि जमिनीशी जोडलेली त्याची वायर. अंगातली वीज चिपमध्ये उतरून ती जळू नये म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी ते बांधायचंच. वेणूला नाव फार आवडलं. ते तू पहिल्यांदा म्हणालास तो दिवस मी तिला सांगितला नाही. माझ्या मनगटावर पट्टा आवळत तू म्हणाला होतास, "काकन बांधला म्हंजे अर्धा लगीन झाला, आता नाय म्हनू नको." मी तुला चिमटा काढला होता. त्याच रविवारी आपण कर्नाळ्याला गेलो, एकही पक्षी दिसला नाही, आणि तू परतीच्या वाटेवर सगळा वेळ मोटारसायकलवरून पक्ष्यांचे आवाज काढत होतास. त्या काळात मी किती हसायचे, याचं आता मलाच नवल वाटतं.

आता मुद्द्यावर येते. वेणूला सरावासाठी मी बादच्या कपाटातले जुने बोर्ड दिले होते. ती एकोणनव्वद नंबरचा घेऊन आली आणि म्हणाली, ताई, याचे सगळे बोलतायत. मी तिच्यावरच ओरडले. बादचा बोर्ड आहे तो, तुझी जोडणी चुकली असणार. जोडणी तपासली, केबल बदलली, मी स्वतः तीनदा लावला. बत्तीसच्या बत्तीस बोलले. इतका चांगला बोर्ड दोन वर्षं कपाटात धूळ खात पडला होता. मग मी त्या वेळची फाइल काढली. माझ्या हातची बादच्या नंबरांची चिठ्ठी त्यात टाचलेली होती. तीन नंबर होते. 17, मग 63, आणि घाईघाईत सगळ्यात खाली ४१.

कळलं ना तुला? वरचे दोन इंग्रजीत आणि तिसरा मराठीत. आमच्या दिनानाथ मास्तरांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, पाटीवर गिरवून घेतलेले आकडे. घाई झाली की माझा हात अजून तिकडेच वळतो. ऑफिसातल्या समृद्धीनं ती चिठ्ठी संगणकात चढवली. तिची शाळा इंग्रजी, वर दोन नंबर इंग्रजी, तिनं खालचाही इंग्रजीच वाचला. तूच वाचून बघ, ४१ म्हणजे 89. तिला दोष नाही. यादीप्रमाणे एकोणनव्वद बाद झाला आणि एक्केचाळीस चांगल्यांच्या खोक्यात राहिला. जो बोर्ड तिकडे पोचल्यावर बारा कानांनी मुका निघाला, ज्याच्यापायी तुझी नोकरी गेली, तो तुझ्या हातात यायच्या आधीच मुका होता. त्याला मुका ठरवून बाद मीच केलं होतं.

चिठ्ठी बघितल्यावर आठवडाभर मी ती कुणाला दाखवली नाही. रस्त्याला लागले की रिक्षा सोडून चालतच सुटायचे. तुझी बहीण दिपा मला मंडईत भेटली होती. तिच्याकडूनच कळलं की तू जासईला कंटेनर यार्डात दिवसभर कंटेनरचे नंबर टिपत उन्हात उभा असतोस, आणि तळोज्याच्या कंपनीनं सरांच्या पत्रातला 'हाताळणीत निष्काळजी' हा शेरा वाचून तुला दोनदा परत पाठवलं. ते सांगताना दिपा माझ्याशी नीट बोलली, त्याचंच मला जास्त लागलं.

आणि चिठ्ठीची चूक तर मला ठाऊक नव्हती. दुसरी होती. ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तुलाही आहे, आणि आपण दोघं तिच्याबद्दल कधीच बोललो नाही. पॅकिंगच्या दिवशी माझ्या काकणाची वायर तुटली होती. मीच ओढाताण केली होती. नियमाप्रमाणे सांगायला हवं होतं, काम थांबवायला हवं होतं, पण माल संध्याकाळी निघायचा होता आणि पुढच्या महिन्यात मला कायम करणार होते. तू काही विचारलं नाहीस. स्वतःचं काकण सोडून माझ्या हाताला बांधलंस. म्हणालास, "तू चिपचा काम करतेस, तुला पायजेल. मी खोके बांधतो, मना काय होनार हाय?" तीन आठवड्यांनी तिकडून तक्रार आली आणि सरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, पॅकिंगच्या वेळी सुदामच्या हातात काकण होतं का? मी म्हटलं, "नव्हतं."

तो शब्द खोटा नव्हता, सुदाम. त्याच आधारावर मी दोन वर्षं काढली. पण त्याच्यापुढचं वाक्य मी गिळलं. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस, निळे मोजे काढून नीट घडी करून ठेवलेस आणि गेलास. मी कायम झाले. वाटलं होतं, तू येऊन भांडशील. तू भांडला असतास तर मला झोप आली असती. आपलं जे काही ठरत होतं ते तिथेच थांबलं, आणि थांबवलं मी, हे आज सरळ लिहिते.

सोमवारी मी चिठ्ठी आणि एकोणनव्वद नंबरचा बोर्ड सरांच्या टेबलावर ठेवला. सर बराच वेळ चिठ्ठी उलटसुलट करत राहिले, मग म्हणाले, बोर्ड आधीच बाद होता हे मान्य. पण काकण न घालता हात लावला हेही खरंच ना? शेरा राहणार. मग मी गिळलेलं वाक्य सांगितलं. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, तुमचं दोघांचं काय होतं ते सगळ्या युनिटला माहीत आहे, आता तू दया येऊन बोलतेस. त्याच्या तोंडून ऐकू दे.

म्हणून गुरुवारी त्यांनी तुला फोन केला. तुला ठाऊक नव्हतं, पण फोन स्पीकरवर होता आणि मी समोर उभी होते. मागे यार्डातल्या ट्रेलरचे आवाज येत होते. सरांनी विचारलं, तुझं काकण त्या दिवशी किशोरीला दिलं होतंस का? तू म्हणालास, "नाय सर. कोनी सांगितला तुमाला? मीच काडून ठेवला व्हता, गरम व्हत व्हता. किशोरीचा काय संबंध नाय." सरांनी फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. मला रडायला आलं, आणि खरं सांगते, तुझा रागही आला. इतका राग मला दोन वर्षांत कुणाचा आला नव्हता.

हे पत्र त्यासाठी आहे. माफी मागायला तर मी स्वतः जासईला आले असते, आणि तू म्हणशील तेव्हा येईनच. पण सोबत जो कागद आहे तो आधी वाच. त्या दिवशीची सगळी हकीकत मी वरच्या अर्ध्या भागात लिहून खाली सही केली आहे, तुटलेल्या वायरीसकट. खालचा अर्धा कोरा आहे, तो तुझा. बुधवारी सर तिकडे नवा अहवाल पाठवणार आहेत. त्याआधी तुझी सही आली तर शेरा निघेल, तसं मी मागे लागून त्यांच्याकडून लिहून घेतलंय, आणि तुझं ते बाँडिंगचं मशीन अजून रिकामंच आहे. माझी नोकरी राहील की जाईल ते माहीत नाही, आणि ती काळजी तुझी नाही. एकदा तू तुझं काकण काढून माझ्या हाताला बांधलंस, गुरुवारी फोनवर दुसऱ्यांदा बांधलंस. आता ते मी सोडून ठेवलंय. जे झालं तेवढंच लिही, एक शब्द कमी नको. आणि सुदाम, सहीखाली तारीख घालशील ती अक्षरांत घाल.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
किशोरी